दोन धुरांमधली वाट

हवामान कार्यालयात तिला सगळे धूरबाई म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागेही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला पाऊसवाला म्हणत आणि वरच्या मजल्यावरच्या एकाला तर चक्क भूकंप म्हणत, त्या मानानं धूरबाई बरंच सभ्य नाव. काम तसं नाव, दुसरं काय! धूरबाईचं काम म्हणजे धूर बघणं. चुलीचा नाही, कारखान्याचा नाही. रानाला वणवा लागला की जो धूर उठतो आणि शेकडो मैल लांब जाऊन भलत्याच कुणाच्या घरात शिरतो, तो. वर, फार फार वर, एक उपग्रह ठाण मांडून बसलेला असतो आणि दर दहा मिनिटांनी खालचा फोटो पाठवत असतो. फोटो पडद्यावर आला की धूरबाई डोळ्यांत तेल घालून त्यातला धूर हुडकायची आणि माऊसनं त्याच्या कडेकडेनं रेघ ओढायची. पातळ धुराला फिकट रंग, मध्यम असेल तर जरा गडद, दाट असेल तर तपकिरी. झाला नकाशा. तो तसाच लोकांच्या मोबाईलवर जायचा.

"हे यंत्र नाही का करत?" असं तिला प्रत्येक नवा माणूस विचारायचा, आणि प्रत्येक वेळी तिचं डोकं फिरायचं. "करतं की. यंत्र करतं आणि मी निस्तरते." खरंच होतं ते. यंत्राला धुळीचं वादळ धूर वाटायचं, उथळ पाण्यावरची चमक धूर वाटायची, आणि खरा धूर समोर आला की ते ढग म्हणून सोडून द्यायचं. धूरबाईला मात्र नुसत्या कडेवरून कळायचं. ढगाची कड कशी ठसठशीत असते, धुराची कड विरत जाते. तरुणपणी ती जमीनमोजणीच्या कचेरीत हातानं नकाशे काढायची. पुढं ते काम गेलं, कचेरी गेली, पण हात राहिला. अशी सरळ, न थरथरणारी रेघ अख्ख्या कार्यालयात दुसऱ्या कुणाची नव्हती.

रेघ थरथरायची नाही, बाई मात्र थरथरायची. जन्माची भित्री भागूबाई. लिफ्टमध्ये एकटी चढायची नाही. कुत्रं दिसलं की रस्ता बदलायची. घरातून निघाल्यावर गॅस बंद केलाय ना हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर जायची. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, कशाची म्हणून घाई नसलेला माणूस. तो दारातच उभा असायचा. "ये, ये. गॅस तुझीच वाट बघतोय," म्हणायचा.

पण गंमत बघा, धुराची भीती तिला कधी वाटली नाही. पडद्यावरचा धूर दिसायला फार गरीब. वास नाही, आवाज नाही, डोळ्यांची आग नाही. समुद्रावरून एखादी लांबलचक धुराची पट्टी वळण घेत गेली की ती पाऊसवाल्याला हाक मारून दाखवायची, "बघ रे, काय सुंदर वळलाय!" पाऊसवाला म्हणायचा, "ज्याच्या नाकात जाणार आहे त्याला विचार सुंदर आहे का ते." ती हसायची. त्या दिवसापर्यंत हसायची.

तिला एक बहीण होती, ताई. दोघींची आई लवकर गेली, तेव्हापासून हिच्या वेण्या ताईनं घातल्या, शाळेच्या दारापर्यंत ताईनं सोडलं, आणि कुत्रं आलं की मध्ये ताई उभी राहिली. हिचे केस पांढरे झाले तरी ताई हिला छकुलीच म्हणायची. ताई राहायची डोंगररांगेपलीकडच्या खोऱ्यातल्या गावात. भाऊजी सगळी उमर दगडाच्या खाणीत होते. खाणीतून निवृत्त झाले ते छातीत अर्धी खाण घेऊनच. आता नाकात नळी आणि कोपऱ्यात घरघरणारं प्राणवायूचं यंत्र. भाऊजी त्या यंत्राला दुसरी बायको म्हणायचे. "ही पहिलीपेक्षा कमी बोलते," म्हणायचे, आणि मग हसण्यानंच त्यांना अशी ढास लागायची की ताई पाठ चोळत आणि शिव्या देत बसायची. प्रवासासाठी त्याच यंत्राची एक लहान पेटी होती, खांद्याला अडकवायची. तिची बॅटरी घाट उतरून ताईच्या लेकीच्या घरी पोचेपर्यंत पुरायची, त्याहून फार नाही.

आदल्या उन्हाळ्यात धूरबाई ताईकडे गेली होती. निघायच्या गडबडीत, एक हात पिशवीत घालून डबा शोधत शोधत, तिनं ताईच्या मोबाईलवर नकाशा उघडून दिला आणि रंग समजावून दिले. "फिकट दिसलं तर खिडक्या लाव. गडद दिसलं तर भाऊजींना अंगणातसुद्धा सोडू नकोस. तपकिरी तुमच्याकडे सरकायला लागलं तर मात्र विचार करत बसू नका, सरळ उठा आणि घाट उतरून लेकीकडे जा. समुद्राजवळ हवा बरी असते." ताईनं तिन्ही रंग पाठ करून म्हणून दाखवले. पांढऱ्याबद्दल ताईनं विचारलं नाही आणि हिनंही सांगितलं नाही. कोऱ्या जागेबद्दल कुणी काय सांगायचं?

इथं त्या कार्यालयाची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. धुराच्या टेबलावर एकच नियम होता आणि तो साहेबांनी घातलेला होता: दिसलं तर काढायचं, वाटलं तर चहा प्यायचा. कारण असं की धूरबाईच्या आधी तिथं बसणाऱ्या गृहस्थांना एकदा ढगाआड खूप धूर असावा असं वाटलं. त्यांनी तो रंगवून टाकला. एका शहरानं शाळा सोडल्या, दवाखान्यातले आजारी लोक गाड्यांत घालून हलवले, त्यातली एक म्हातारी वाटेतच गेली. आणि ढग सरकला तर खाली लख्ख ऊन! तेव्हापासून नियम. ढगाखालचं कुणाला दिसत नाही, म्हणून ढगाखालचा धूर काढायचा नाही. ढग असेल तिथं नकाशा कोरा. नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. पण ती अक्षरं इतकी बारीक की ती वाचायला आधी चष्मा शोधावा लागायचा, आणि चष्मा शोधून कोण नकाशाचा तळ वाचतं! धूरबाईच्या मात्र हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कोरी जागा दिसली की तिच्या मनात आपोआप यायचं, इथलं माहीत नाही. सगळ्या जगाला तसंच वाटत असणार असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

त्या दिवशी ती सकाळीच कामावर आली. उत्तरेकडची जंगलं बरेच दिवस जळत होती, विझवायला माणसं कमी पडत होती, आणि वारा आदल्या संध्याकाळी फिरला होता. सकाळचं तिरपं ऊन तिच्या आवडीचं. ऊन तिरपं असलं की धूर उठून दिसतो, डोक्यावर आलं की तोच धूर लपून बसतो. पहिला फोटो आला आणि ती खुर्चीत जरा पुढं सरकली. धुराचा मोठा लोंढा डोंगररांगेला धरून खाली उतरत होता. आजवर तो लांब पूर्वेला जायचा, आज त्याला जणू कुणी पत्ता दिला होता. दुपारपर्यंत ताईचं खोरं तपकिरी होणार हे तिला रेघ ओढायच्या आधीच दिसलं.

आणि घाटावर ढग होता. पांढराशुभ्र, गादीसारखा जाड, डोंगराच्या माथ्यावर अंथरलेला. उत्तरेकडून आलेला धूर त्या ढगापाशी येऊन दिसेनासा होत होता. दक्षिणेकडून, ढगाच्या दुसऱ्या बाजूनं, पुन्हा बाहेर पडत होता.

"अरे, हे बघ," ती पाऊसवाल्याला म्हणाली. "इकडून आत, तिकडून बाहेर. म्हणजे मधे काय असेल?"

"मधे काय, धूरच की. खच्चून भरलेला असणार."

"आणि ढगाच्या खालून चाललाय. म्हणजे अगदी जमिनीलगत."

"मग काढ."

"दिसतोय का?"

"नाही."

"मग चहा सांग," ती म्हणाली, आणि तिनं उत्तरेचा धूर ढगाच्या कडेपर्यंत आणून थांबवला, दक्षिणेचा धूर ढगाच्या दुसऱ्या कडेपासून सुरू केला, दोन्ही तपकिरी रंगवले आणि मधली जागा कोरी ठेवून नकाशा पाठवून दिला. रोज पाठवायची तसाच. रेघ नेहमीसारखीच सुरेख आली होती.

चहावाला त्या दिवशी दोन तासांनी उगवला, तोवर मधली जागा कोरी ठेवूनच आणखी नकाशे गेले. तिनं एक घोट घेतला आणि ताईची आठवण झाली. तपकिरी सरकायला लागलं की घाट उतरा, असं आपण तिला सांगून ठेवलंय, पण आज घाट उतरायचा नाहीये, हे तिच्या डोक्यात आलं आणि तिनं कप खाली ठेवला. ताईला आत्ताच्या आत्ता सांगायला हवं होतं की घरातच बसा, फटींना ओली फडकी लावा, यंत्र भिंतीच्या विजेवरच राहू द्या. तिनं ताईचा मोबाईल लावला. आवाक्याबाहेर. पुन्हा लावला. आवाक्याबाहेर. मग घरचा फोन लावला, तो बराच वेळ वाजत राहिला आणि शेवटी कुणीतरी उचलला. ताई नव्हती. शेजारच्या मास्तरीणबाई होत्या, किल्ली त्यांच्याकडे असायची, कुंड्यांना पाणी घालायला आल्या होत्या.

"अगंबाई, तुम्ही होय! ते दोघं तर मगाशीच गेले."

"कुठं गेले?"

"कुठं म्हणजे? लेकीकडे. मला तुमचा नकाशा दाखवला ना त्यांनी! म्हणाल्या, बघा, इकडून धूर येतोय, तिकडून धूर येतोय, पण मधे घाटाची वाट कशी मोकळी ठेवलीये माझ्या छकुलीनं. ती बंद व्हायच्या आत निघते. तुम्हाला फोन करणार होत्या, पण म्हणाल्या कामात असेल, कशाला त्रास द्यायचा. हॅलो? ऐकताय ना?"

धूरबाई ऐकत होती. फोन ठेवल्याचं तिला कळलं नाही, उभी राहिल्याचंही कळलं नाही. पाऊसवाल्यानं तिचा चेहरा बघितला आणि स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली, तिची खुर्ची मागं होती तरी.

"काय झालं?"

"ताई घाटात शिरली."

"कशाला?"

"मी वाट मोकळी ठेवली म्हणून," ती म्हणाली, आणि तिचे दात वाजायला लागले. भर उन्हाळ्यात, बंद खोलीत, तिचे दात वाजत होते.

पाऊसवाल्यानं पडद्याकडे बघितलं. तिनंही बघितलं. नवा फोटो आला होता. तोच ढग, तशीच पांढरी गादी. इतकी वर्षं ती त्या पडद्यासमोर बसली होती आणि आपल्याला सगळं दिसतं असं तिला वाटत आलं होतं. आत्ता तिला अख्खी डोंगररांग दिसत होती, समुद्र दिसत होता, समुद्रातली बेटं दिसत होती, आणि ताईची जुनी लाल गाडी दिसत नव्हती. तिनं टेबलाची कड घट्ट धरली. भाऊजींच्या पेटीची बॅटरी. चढावर ताई गाडी हळू चालवते. धुरात तर आणखी हळू. गाडी उभीच राहिली तर? ताईनं काच खाली केली तर? तिला सवयच आहे, समोरचं दिसेना झालं की काच खाली करून डोकं बाहेर काढायची. नको गं ताई, काच नको उघडूस, असं ती मोठ्यानं म्हणाली आणि पलीकडच्या टेबलावरचे दोघं वळून बघायला लागले.

ती साहेबांच्या खोलीत धावतच गेली, दार न वाजवता. साहेब म्हणजे वाईट माणूस नव्हता. कमी बोलायचा, कुणावर डाफरायचा नाही, आणि त्या म्हातारीची गोष्ट त्याच्या मनातून कधी गेली नव्हती. त्यानं सगळं ऐकून घेतलं, एकही प्रश्न न विचारता रस्त्यांच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला आणि तिला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"घाटाचं काय विचारता साहेब!" पलीकडचा माणूस धापा टाकल्यासारखा बोलत होता. "तासाभरापासून वाट लागलीये. आधी धुकं आहे म्हणत होते, आता म्हणतात धूर आहे. स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नाही. गाड्या आहेत तिथं उभ्या आहेत. आमची माणसं खालून निघालीत, पण तीच अडकली. आणि वरून अजून गाड्या येतायत. कळत नाही, आजच एवढ्या गाड्या घाटात कशा!"

साहेबांनी धूरबाईकडे बघितलं नाही. "दोन्ही तोंडं बंद करा," ते फोनमध्ये म्हणाले. "आत्ता. एकही गाडी आत सोडू नका. माझं नाव सांगा."

"आत एक लाल गाडी आहे," धूरबाई ओरडली. "म्हातारं जोडपं आहे! प्राणवायू लागतो त्यांना!"

"बाई, आत माझी दोन पोरं आहेत वर्दीतली," पलीकडचा म्हणाला, "ती पण फोन उचलत नाहीत," आणि फोन तुटला.

मग तिनं विचारलं, "साहेब, काढू?"

"दिसला का?"

"नाही."

"मग?"

"साहेब, माझी बहीण आहे त्याच्यात."

"म्हणूनच तू काढायचं नाहीस," साहेब म्हणाले आणि उठले. "उद्या कुणी विचारलं तर बहिणीसाठी काढला असं व्हायला नको. मी काढतो."

ते तिच्या खुर्चीवर जाऊन बसले. माऊस हातात घेतला आणि ढगाच्या कडेनं रेघ ओढायला लागले. पण काढायचा सराव नाही आणि बोटं जाड. रेघ घाट सोडून समुद्रात गेली, पुसली, पुन्हा ओढली, ती भलत्याच डोंगरावर चढली. धूरबाई मागं उभी राहून बघत होती, रडत होती, आणि शेवटी तिला राहवेना. "अहो साहेब, सरका बाजूला! तुमच्यानं व्हायचं नाही ते. आणखी चार गाड्या घालवाल खड्ड्यात." साहेब मुकाट्यानं सरकले. तिनं बसून ती कोरी जागा तपकिरी केली, काठोकाठ, आणि पहिल्यांदाच न दिसलेला धूर नकाशावर घातला. साहेबांनी खाली स्वतःचं नाव टाकलं. नकाशा गेला.

त्यानं पुढच्या गाड्या थांबल्या असतील. आत होत्या त्यांचं काय? त्यांच्या मोबाईलला तिथं ना आवाज पोचत होता ना नकाशा. ती ताईला फोन लावत राहिली. भाचीला लावला, तर ती रडत म्हणाली, "मावशी, अजून आली नाहीत गं. आई निघताना म्हणाली, मावशीनं सांगितलंय." भाची घाटाच्या पायथ्याशी जाऊन थांबते म्हणाली, त्यावर ही एवढ्या जोरात "नको!" म्हणाली की तिचा घसा दुखला.

मग ऊन वर आलं आणि ढग फाटला. ऊन तापलं की सकाळचे ढग असे फाटतात, त्यात नवल नाही. फोटोत गादीच्या बरोबर मध्ये एक भोक पडलं आणि त्या भोकातून खालचं दिसलं. हिरवं दिसलं नाही, रस्त्याची पांढुरकी रेघ दिसली नाही. तपकिरी. ऊन डोक्यावर असताना, धूर लपायच्या वेळी, इतका गच्च तपकिरी धूर तिनं उभ्या जन्मात बघितला नव्हता. पाऊसवाल्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तर ती दचकून किंचाळली. आता ती धुराला भीत होती. पडद्यावरच्या, बिनवासाच्या, त्या धुराला. तिला वाटायला लागलं की तो पडद्याच्या या बाजूला आलाय आणि आपल्याच छातीवर बसलाय. तिनं खिडकी उघडली, लगेच लावली. बाहेर तर आभाळ निळंभोर होतं आणि रस्त्यावर माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन चालली होती. तिला त्यांचा राग आला.

पुढच्या फोटोत भोक मोठं झालं, त्याच्या पुढच्या फोटोत पुन्हा बुजलं. डोंगरावर नवा ढग चढत होता. आणि तिच्या टेबलावरचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं उचलला आणि तिला आधी नुसता खोकला ऐकू आला, एकाचा नाही, पुष्कळ जणांचा.

"छकुले?"

"ताई!" ती एवढंच म्हणू शकली. पुढं हुंदका.

"अगं रडतेस काय, वेडाबाई. आहोत आम्ही." ताईचा आवाज घोगरा झाला होता, ओळखू येईना. "घाटाच्या मध्यावर टायरवाल्याचं दुकान आहे ना, तिथं आहोत. त्याचा तारेचा फोन आहे म्हणून लागला तरी. काय सांगू तुला, गाडी तिकडेच सोडली. ह्यांची पेटी बंद पडली, ओठ निळे पडले ह्यांचे, मी तर हातपायच गाळले. एका ट्रकवाल्यानं उचलून आणलं ह्यांना, लहान पोराला आणतात तसं. ट्रकच्या बॅटरीवर पेटी लावलीये त्यानं. आता जरा बरे आहेत. डोळे उघडलेत."

धूरबाई नुसती मान हलवत होती, जसं काही ताईला ते दिसणार होतं. पाऊसवाल्यानं तिच्या फोनचा आवाज मोठा केला, साहेबांना हाक मारली, साहेब आले, दारातच उभे राहिले.

"थांब, सगळ्यांना ऐकू येऊ दे," ताई म्हणाली आणि तिकडच्या फोनच्या स्पीकरचं बटण खटकन वाजलं. मग ताईचा आवाज लांबून, मोठ्यानं, अभिमानानं आला. छाती धुरानं भरलेली असताना, खोकत खोकतसुद्धा अभिमानानं. "ऐका हो! ही माझी धाकटी बहीण. मोबाईलवर तो धुराचा नकाशा येतो ना, तो हीच काढते! स्वतःच्या हातानं!"

पलीकडचे खोकणारेसुद्धा थांबले. मग एक पुरुषी आवाज फोनच्या जवळ आला, बहुतेक ट्रकवाल्याचा.

"तो तुम्ही काढता?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. "बाई, आम्ही सगळे तोच बघून घाटात शिरलो. मी तर खाली थांबलो होतो, धूर जाऊ दे म्हणून. नकाशात घाट मोकळा दिसला म्हणून निघालो. इथं लेकरं आहेत बाई. एक बाळंतीण आहे. सगळे तोच बघून आले."

धूरबाईनं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी खाली बघितलं. तिला फोन ठेवून द्यावासा वाटला. जन्मभर जे करत आली तेच, रस्ता बदलून पलीकडून जावं असं वाटलं. पण पलीकडे ताई होती.

"तो मोकळा नव्हता," ती म्हणाली. "तिथं ढग होता. ढगाखालचं मला दिसत नाही. दिसत नाही ते आम्ही कोरं सोडतो."

कुठंतरी एक पोर रडायला लागलं.

"म्हणजे कोरं म्हणजे मोकळं नाही?" ताईनं विचारलं.

"नाही."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"नाही सांगितलं, ताई. कुणालाच नाही सांगितलं. चुकलं माझं."

मागं भाऊजींचा श्वास ऐकू येत होता, पेटीच्या घरघरीबरोबर, ओढून ओढून घेतलेला. ताई चिडली असती, ओरडली असती, तर हिला बरं वाटलं असतं. ताई ओरडली नाही.

"बरं," ताई म्हणाली. "ते नंतर. आता तुझ्यासमोर फोटो आहे ना? मग सांग. इथं सगळे ऐकतायत. हा ट्रकवाला म्हणतो मी सगळ्यांना ट्रकमध्ये घालून खाली नेतो. टायरवाला म्हणतो वर जा, वर हवा असेल. ह्यांची ती ट्रकची बॅटरी पण काही जन्मभर पुरणार नाही. कुठल्या बाजूनं निघू? तू म्हणशील तिकडे जातो."

धूरबाईनं पडद्याकडे बघितलं. नवा फोटो नुकताच आला होता. भोक पुरतं बुजलं होतं. टायरवाल्याच्या दुकानावर, वरच्या रस्त्यावर, खालच्या रस्त्यावर, सगळीकडे एकसारखं पांढरं होतं. पाऊसवाला कानाशी कुजबुजला, खाली म्हण, खालची माणसं निघालीत, ती भेटतील. साहेब दुसऱ्या फोनवर नियंत्रण कक्षाला दुकानाची जागा सांगत होते. तिचा हात माऊसवर होता आणि पहिल्यांदाच तो हलत होता, पडद्यावरचा बाण थरथरत होता.

"ताई," ती म्हणाली, "मला दिसत नाहीये."

"काय?"

"मला काहीच दिसत नाहीये गं. वर काय आहे माहीत नाही, खाली काय आहे माहीत नाही. मी अंदाजानं नाही सांगणार. आम्ही इथून माणसं पाठवतोय, तुमची जागा कळलीये आता. तोवर हलू नका."

ताईनं एक मोठा श्वास घेतला, आणि त्या श्वासानंच तिला ढास लागली. ती थांबेपर्यंत धूरबाई फोनवर वाकून उभी होती. मग ताई वळून तिथल्या लोकांशी बोलली, तिचा जुना, शाळेच्या दाराशी ऐकू येणारा आवाज काढून.

"कुणी कुठं जायचं नाही. तिला दिसत नाहीये. ट्रक अगदी दाराला चिकटवून लावा, तेवढी वायर आत घ्या, आणि शटर खाली ओढा. फटीला ओलं फडकं लावा कुणीतरी. लवकर!"

शटर खाली येत असल्याचा आवाज धूरबाईला शेवटपर्यंत ऐकू आला.